वर्ल्ड ऑफ टँक्सचं मोठं अपडेट: आधी काय आवरायचं, नंतर काय उघडायचं

"मामा, गॅरेज काळं झालंय. नुसता कर्सर फिरतोय."

वर्ल्ड ऑफ टँक्स या ऑनलाइन रणगाड्यांच्या गेमचं मोठं अपडेट आलं की त्या रात्री साडेनऊच्या सुमारास भाच्याचा हा मेसेज ठरलेला. गॅरेज म्हणजे आपले टँक दिसतात तो गेमचा मुख्य पडदा. नेहमीप्रमाणे त्याने जुन्या मॉडचं (गेममध्ये बदल करणाऱ्या, खेळाडूंनी बनवलेल्या फाइलींचं) अख्खं फोल्डर उचलून नव्या आवृत्तीत चिकटवलेलं असतं. पण त्याला हसायचा मला अधिकार नाही. एकदा 'अमुक टँक नर्फ होणार', म्हणजे कमजोर होणार, एवढं ऐकून मी तो टँक विकून टाकला, त्याआधी त्यातली उपकरणं गोल्ड (गेममधलं महागडं चलन) मोजून काढून घेतली, आणि अपडेट आलं तेव्हा त्या टँकच्या आकड्यांना कुणी हातही लावलेला नव्हता. विकताना निम्मे क्रेडिट्स (गेममधलं रोजचं चलन) मिळाले, परत घेताना पूर्ण मोजले. वर दोन महिने प्लॅटूनमध्ये (सोबत खेळणाऱ्या दोस्तांच्या तुकडीत) टोमणे खाल्ले ते वेगळेच.

खाली दिलेली रीत संगणकावरच्या गेमसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम मोडू नका. बहुतेकांचं नुकसान चुकीची गोष्ट केल्याने होत नाही, बरोबर गोष्ट चुकीच्या वेळी केल्याने होतं.

## पायरी १: बातमी कोणत्या गेमची, कोणत्या टप्प्यातली?

पहिली चूक इथेच होते. 'टँक्सचं अपडेट' म्हणून जे व्हिडिओ समोर येतात ते किमान चार वेगवेगळ्या गेमचे असतात. संगणकावरचा मूळ गेम, मोबाइलवरचा ब्लिट्झ (जिथे सात विरुद्ध सात लढतात, आपल्यासारखे पंधरा विरुद्ध पंधरा नाहीत), कन्सोलवरचा मॉडर्न आर्मर, आणि चौथा रशियातला 'मिर तान्कोव'. २०२२ मध्ये गेमची मूळ कंपनी वॉरगेमिंगने रशिया आणि बेलारूसमधला कारभार लेस्ता या स्टुडिओकडे सोपवला. तेव्हापासून तिथला गेम वेगळ्या वाटेने चालला आहे. टँकची नावं तीच, नकाशे ओळखीचे, पण बदल आपल्याला लागू नाहीत. रशियन यूट्यूबरच्या व्हिडिओचं शीर्षक आपोआप भाषांतरित होऊन दिसतं आणि माणूस फसतो.

गेम बरोबर निघाला, तर टप्पा बघा.

सुपरटेस्ट निवडक परीक्षकांपुरती असते. तिथले आकडे बाहेर येतात, पण ते कच्चे. काही टँक तिथे पडून राहतात, काही पूर्ण बदलून येतात. सँडबॉक्स हा प्रयोगाचा ओटा: तिथे गेमचे नियमच उलटेपालटे करून बघतात, आणि त्यातलं बरंच काही कधीच प्रत्यक्षात येत नाही. कॉमन टेस्ट सगळ्यांना खुली असते आणि अपडेटच्या अगदी तोंडावर येते. तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतही आकडे हलतात. पक्कं काय ते फक्त अधिकृत साइटवरच्या शेवटच्या पॅच नोट्समध्ये (अपडेटमधल्या बदलांच्या यादीत).

माझा नियम साधा आहे. सुपरटेस्टची बातमी वाचून सोडून द्यायची. कॉमन टेस्ट आली की तयारी सुरू करायची. खर्च मात्र शेवटच्या नोट्स हातात आल्याशिवाय एका क्रेडिटचाही नाही.

तपासा: तुमच्या विभागाची तारीख बघितलीत का? युरोप आणि आशिया सर्व्हरला अपडेट एकाच क्षणी येत नाही. आपल्याकडचे बरेच जण आशियावर असतात आणि व्हिडिओ युरोपचे बघतात.

## पायरी २: पॅच नोट्स आपल्या गॅरेजला लावून वाचा

सगळ्या नोट्स वरून खाली वाचत बसू नका, दहा मिनिटांत डोळे मिटतील. एक कागद घ्या. गेल्या महिन्यात तुम्ही खरोखर जे टँक चालवलेत त्यांची नावं लिहा. गॅरेजमध्ये ऐंशी असतील, चालवलेले आठ-दहाच निघतील. ज्या फळीवर (एकामागून एक उघडत जाणाऱ्या टँकच्या मालिकेवर) ग्राइंड, म्हणजे खेळून खेळून वर चढणं, चालू आहे तिचे पुढचे टँकही लिहा. मग नोट्समध्ये एकेक नाव शोधा.

एवढ्यावर थांबलात तर मोठे बदल निसटतात, कारण ते टँकच्या नावाखाली लिहिलेले नसतात. एप्रिल २०१७ च्या ९.१८ अपडेटमध्ये एका बाजूला जास्तीत जास्त तीन आर्टी (लांबून मारा करणारा तोफखाना) ही मर्यादा आली आणि आर्टीच्या गोळ्याने स्टन होऊ लागलं, म्हणजे क्रू काही काळ सुन्न होऊ लागला. तुमच्या हेवी टँकचा एकही आकडा बदलला नव्हता, तरी त्याचं जगणं बदललं. ऑगस्ट २०२० च्या १.१० ने उपकरणांची सगळी व्यवस्थाच नव्याने मांडली. २०२१ च्या १.१३ ने एचई (स्फोटक) गोळ्याचं गणित बदललं. केव्ही-२ सारख्या रुंद तोंडाच्या तोफेवर प्रेम करणाऱ्यांना ते चांगलंच जाणवलं. सप्टेंबर २०२५ च्या २.० ने अकरावी पातळी आणली, त्यामुळे दहाव्या पातळीचा टँक घेऊन गेलात तरी यादीत सगळ्यात वर असालच असं राहिलं नाही. म्हणून नावांनंतर हे शब्दही शोधा: गोळे, उपकरणं, क्रू, मॅचमेकर (लढतीच्या जोड्या लावणारी यंत्रणा), नकाशे, कॅमो (लपून राहण्याची क्षमता).

आता आकडे. 'नर्फ' आणि 'बफ' (टँक बळकट करणं) हे शब्द बाजूला ठेवा आणि वहीवर हिशेब करा. तीन हिशेब पुरतात.

डीपीएम (मिनिटाला होणारं नुकसान) आणि गोळ्यांची संख्या. समजा तोफेचं सरासरी नुकसान ३९० आहे आणि रीलोड १० सेकंद. मिनिटाला २३४० नुकसान. अपडेटमध्ये नुकसान ४४० झालं आणि रीलोड ११.५ सेकंद. आता मिनिटाला सुमारे २२९६. यूट्यूबवर एक जण म्हणेल बफ, दुसरा म्हणेल नर्फ, आणि दोघेही अर्धेच बरोबर. समोर १५०० एचपीचा (जीव-गुणांचा) टँक असेल तर सरासरीने आधीही चार गोळे लागायचे, आताही चारच लागतील. प्रत्येक गोळ्यामागे दीड सेकंद जास्त थांबायचं, म्हणजे तोटा. समोर १७०० एचपीचा असेल तर आधी पाच लागायचे, आता चारात काम होतं. तुम्ही कोणत्या पातळीवर, कुणासमोर खेळता त्यावर उत्तर ठरतं. शिवाय प्रत्येक गोळ्याचं नुकसान सरासरीच्या २५ टक्के खाली-वर होतं, म्हणजे ३९० चा गोळा साधारण २९३ पासून ४८७ पर्यंत काहीही देऊ शकतो. दहा-वीसचा बदल या लाटेत बुडून जातो.

पेनिट्रेशन (गोळा किती मिमी चिलखत भेदतो ते, थोडक्यात पेन) आणि कोन. इथे दहा मिलिमीटरचा बदलही जड जातो. समोर २०० मिमीचं चिलखत ३० अंशांत कललेलं आहे. साध्या भूमितीने त्याची जाडी सुमारे २३१ मिमी होते. एपी (साधा चिलखतभेदी) गोळा धडकताना ५ अंश वळून सरळ होतो, त्यामुळे त्याच्यासाठी ती २२१ च्या आसपास उतरते. एपीसीआर (वेगवान चिलखतभेदी) दोनच अंश वळतो, त्याला २२६ ते २२७. हीट (आकारित स्फोटाचा गोळा) अजिबात वळत नाही. पेनही गोळ्यागणिक खाली-वर होतं, म्हणून तुमच्या एपीचं पेन २२५ असेल तर निम्म्याहून थोडे जास्त गोळे आत जातील. तेच २१५ वर आणलं तर निम्म्याहून कमी. म्हणजे रोजच्या ओळखीच्या शत्रूसमोर नाणं दुसऱ्या बाजूला पडायला लागलं. प्रत्येक टँकसाठी हे करू नका. ज्या दोन-तीन टँकशी तुमची नेहमी गाठ पडते त्यांच्या चिलखताशी ताडून बघा.

दृष्टीचा पल्ला. 'व्ह्यू रेंज वीस मीटरने कमी' वाचून लाइट टँकवाले रडायला लागतात. सूत्र असं: शत्रू दिसण्याचं अंतर म्हणजे तुमचा पल्ला, त्यातून वजा (पल्ला वजा ५०) गुणिले शत्रूचा कॅमो. पल्ला ४०० आणि शत्रूचा कॅमो २० टक्के असेल तर तो ३३० मीटरवर दिसेल. पल्ला ३८० झाला तर ३१४ वर. सोळा मीटर गेले. मैदानी नकाशावर ते जाणवतील, शहरी नकाशावर नाही. आणि कितीही पल्ला वाढवला तरी ४४५ मीटरच्या पलीकडे तुम्ही स्वतः कुणाला शोधू शकत नाही, हे धरून चाला.

तपासा: कागदावर प्रत्येक टँकसमोर एकच शब्द लिहिलाय का? 'तसाच', 'बघू', किंवा 'बदल'. 'विकू' हा शब्द अजून लिहायचा नाही.

## पायरी ३: खर्चाला कुलूप, पण दोन अपवाद ठेवून

पॅच नोट्स वाचल्यापासून अपडेटनंतरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गॅरेजला कुलूप. यात काय काय आलं ते सांगतो, कारण लोक फक्त टँक विकणं टाळतात आणि बाकी दारं उघडी ठेवतात.

टँक विकायचा नाही. क्रूची कौशल्यं मोडून नवी घ्यायची नाहीत. गोल्ड देऊन उपकरणं काढायची नाहीत: उपकरणांत मोठे फेरबदल होतात तेव्हा ती फुकट काढायची मुदत मिळण्याची शक्यता असते, आणि ती मिळाली तर नोट्समध्ये लिहिलेली असते. गोल्डचं रूपांतर करायचं नाही. नेहमीचा भाव एका गोल्डला ४०० क्रेडिट्स किंवा २५ एक्सपी (अनुभवाचे गुण). एक्सपीच्या भावात अधूनमधून सवलत येते, तिची वाट बघा. फ्री एक्सपीला (कुठल्याही टँकवर वापरता येणाऱ्या एक्सपीला) तर हातच लावू नका. अपडेटच्या दिवशी नवी फळी दिसते, हात शिवशिवतात आणि वर्षभराची साठवण पाचव्या-सहाव्या पातळीच्या मॉड्यूलवर उडते. पाचवी-सहावी पातळी खेळून पार करा. फ्री एक्सपी आठव्या-नवव्या पातळीच्या भिकार मूळ तोफेपासून सुटका करून घेण्यासाठी राखा.

अपवाद पहिला: तुमचा टँक संशोधनाच्या झाडातून (टँक पायरीपायरीने उघडत जातात त्या तक्त्यातून) बाहेर जाणार असेल. लोक घाबरून तो विकतात. उलट करा. झाडातून गेलेला टँक पुन्हा सहजी मिळत नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश हेवी फळीच्या टोकावरून एफव्ही२१५बी गेला आणि तिथे सुपर कॉन्करर आला. ज्यांनी तेव्हा कंटाळून तो सोडला होता ते नंतर हळहळले. पण नोट्समधली अट शब्दशः वाचा: टँक गॅरेजमध्ये हवा की नुसता संशोधित असला तरी चालतो, आणि कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंत. वेळ बहुतेकदा भारताची नसते. साडेपाच तासांच्या हिशेबात चुकू नका.

अपवाद दुसरा: फळीची जोडणी बदलणार असेल. नवव्या पातळीच्या टँकवर तुम्ही एक्सपी साठवलाय आणि अपडेटनंतर त्यातून दहाव्या पातळीकडे जाणारी वाटच बंद होणार आहे, तर पुढचा टँक आजच संशोधित करून ठेवा. विकत नंतर घेता येतो. टँकवरचा एक्सपी त्याच टँकवर अडकून राहतो, आणि तो सोडवायला गोल्ड लागतं.

सावधान: या दोन अपवादांत 'प्रीमियम टँकवर सवलत संपत आली' हे बसत नाही. ती कुठल्याही आठवड्यात संपतच आलेली असते.

## पायरी ४: कॉमन टेस्टवर एक संध्याकाळ घालवा

हे बहुतेक जण करत नाहीत, आणि फुकटात मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. टेस्टचा गेम वेगळा डाउनलोड होतो, गेम सेंटरमध्ये (गेम उतरवायच्या आणि चालू करायच्या वॉरगेमिंगच्या ॲपमध्ये) तो नेहमीच्या गेमशेजारी उभा राहतो. तुमच्या खात्याची आधीच्या एका तारखेची प्रत तिथे असते, आणि खर्चायला भरघोस क्रेडिट्स, गोल्ड आणि फ्री एक्सपी मिळतो. टेस्टवर मिळवलेलं मूळ खात्यात येत नाही, आणि तिथे उधळलेलं मूळ खात्यातून जातही नाही. म्हणून उधळा.

तिथे जाऊन लढाया जिंकत बसू नका. टेस्टवर सगळे नवे टँक घेऊनच उतरतात, त्यामुळे लढती विचित्र असतात, पिंगही वेगळा लागतो. मी असं करतो. पायरी दोनच्या कागदावर ज्यांच्यासमोर 'बदल' लिहिलंय ते टँक घेतो. एका मित्राला ट्रेनिंग रूममध्ये बोलावतो. त्याचा टँक शंभर मीटरवर आडवा उभा करतो आणि एकाच जागी वीस गोळे मारतो: किती लागले, किती आत गेले. मग तो झुडपामागे मागे सरकत जातो आणि तो कुठे दिसेनासा होतो ते मी अंतर बघून लिहून ठेवतो. अर्ध्या तासात जे कळतं ते वीस व्हिडिओंत कळत नाही.

गेल्या खेपेला भाचा समोर उभा होता. अकराव्या गोळ्याला म्हणाला, "मामा, तुमचं निदान होईपर्यंत माझं मरण चाललंय." त्याला पुन्हा रूममध्ये आणायला चहा-भजी कबूल करावी लागली.

तपासा: टेस्टचा क्लायंट नंतर काढून टाकायला विसरलात तर डिस्कवरची भरपूर जागा अडवून बसतो, आणि खऱ्या अपडेटच्या दिवशी 'जागा अपुरी' असा निरोप येतो.

## पायरी ५: आदल्या दिवसाची आवराआवर

सगळं मिळून वीस मिनिटांचं काम आहे.

मोहिमा आणि बॅटल पासची बक्षिसं उचला. 'नंतर घेऊ' म्हणून ठेवलेली काही बक्षिसं मुदतीसोबत जातात. पर्सनल रिझर्व्ह (ठरावीक वेळ कमाई वाढवणारी सोय) चालू करू नका: सर्व्हर देखभालीसाठी बंद व्हायच्या जरासं आधी रिझर्व्ह लावणारे मी पाहिलेत.

ज्या लढाया जपायच्या आहेत त्यांचा व्हिडिओ करून ठेवा. गेमच्या फोल्डरमधल्या 'रिप्लेज'मध्ये फाइल पडून आहे म्हणजे ती कायम बघता येईल असं नाही. जुन्या आवृत्तीतला रिप्ले नव्यात नीट चालेल याचा भरवसा धरू नका.

सेटिंगची प्रत काढा. विंडोजच्या ॲपडेटामधल्या रोमिंगमध्ये वॉरगेमिंगचं फोल्डर असतं, त्यात वर्ल्ड ऑफ टँक्स, आणि त्यात 'प्रेफरन्सेस' नावाची एक्सएमएल फाइल. ती दुसरीकडे कॉपी करा. शिवाय ग्राफिक्स आणि कंट्रोल्सच्या पानांचे स्क्रीनशॉट घ्या. फाइल बिघडली तर स्क्रीनशॉटच कामी येतात, हा अनुभव आहे.

मॉडची यादी लिहा. फोल्डर कॉपी करू नका, नावं लिहा. कारण पायरी सातमध्ये सांगतो.

मग डिस्क आणि इंटरनेट. गेम सेंटर अपडेट आधीच डाउनलोड करू देत असेल तर आदल्या रात्रीच उतरवून घ्या. अपडेट बसवताना जुन्या फाइलींशेजारी नव्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे डाउनलोडच्या आकड्याहून बरीच जास्त जागा मोकळी हवी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा संध्याकाळी आठलाच संपतो. आणि तालुक्याच्या गावी राहत असाल तर वीज कधी जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. राउटर इन्व्हर्टरवर आणि संगणक नाही, अशी वाटणी अर्ध्या बसलेल्या अपडेटला घातक ठरते.

## पायरी ६: अपडेटचा दिवस, मॉडशिवाय

अपडेट उतरलं, बसलं. आता लगेच 'प्ले' दाबू नका. गेम सेंटरमध्ये 'तपासा आणि दुरुस्त करा' हा पर्याय एकदा चालवा. अर्धवट उतरलेली फाइल इथे सापडते. नाही तर ती लढाईच्या मध्यात सापडते, बाहेर फेकले जाता आणि वर पळपुट्याचा शिक्का.

पहिल्यांदा मॉडशिवायच गेम उघडा. गॅरेज दिसलं, टँक जागेवर आहेत, क्रू बसलेला आहे, गोळे भरलेले आहेत हे नजरेखालून घाला. अपडेटने गोळ्यांची संख्या किंवा तोफ बदलली असेल तर रॅकमधलं प्रमाण बिघडलेलं असतं. गेल्या वेळी माझ्या एका मीडियम टँकमध्ये सगळे गोळे एचईच भरलेले निघाले. कळलं कधी? समोर हेवी आल्यावर.

गेम उघडतानाच बंद पडत असेल तर 'प्रेफरन्सेस' फाइलचं नाव बदलून ठेवा. गेम नवी बनवून घेतो, आणि तुमची प्रत शाबूत राहते.

मग दहा लढाया तशाच, मॉडशिवाय खेळा. या दहांत कुणाशी पैज लावू नका, प्लॅटूनमध्ये आकडे मोजू नका. नवे टँक घेऊन सगळा सर्व्हर उतरलेला असतो, निम्मे जण रस्ता चुकलेले, बाकीचे चॅटमध्ये भांडत. नकाशा बदलला असेल तर 'टोपोग्राफी' या नकाशे ओळखायच्या प्रकारात एकट्याने फिरून या आणि आपली नेहमीची झुडपं, उतार, दगड जागेवर आहेत का बघा. आठ मीटर सरकलेला एक दगड अख्खी जागा निकामी करतो.

## पायरी ७: मॉड एकेक करून

आता भाच्याच्या काळ्या गॅरेजकडे येऊ.

गेमच्या फोल्डरमध्ये 'मॉड्स' आणि 'रेस मॉड्स' अशी दोन फोल्डर असतात. प्रत्येकाच्या आत आवृत्तीच्या क्रमांकाचं फोल्डर. गेम फक्त चालू आवृत्तीच्या क्रमांकाचं फोल्डर वाचतो. अपडेट आलं की नवा क्रमांक, नवं रिकामं फोल्डर, आणि सगळे मॉड 'गायब'. प्रत्यक्षात ते शेजारच्या जुन्या फोल्डरमध्ये निवांत पडलेले असतात. छोट्या दुरुस्तीच्या पॅचनेही क्रमांक बदलतो, म्हणून कधी कधी अपडेटची बातमी नसतानाही मॉड नाहीसे होतात.

लोक काय करतात? जुन्यातलं सगळं उचलून नव्यात टाकतात. छोट्या पॅचनंतर हे कधी कधी खपतं, म्हणून सवय लागते. मोठ्या अपडेटनंतर मात्र जुना मॉड नव्या पडद्यातली अशी एखादी गोष्ट शोधतो जी आता तिथे नाहीच. गॅरेज काळं होतं. २.० मध्ये तर गॅरेजचा चेहराच बदलला. तिथे जुना गॅरेज मॉड चालेल ही अपेक्षाच चूक.

रीत अशी:

१. नवं फोल्डर रिकामंच ठेवा. जुन्याला हात लावू नका.

२. लिहून ठेवलेल्या यादीतला प्रत्येक मॉड त्याच्या मूळ पानावर जाऊन बघा. नव्या आवृत्तीचा क्रमांक तिथे लिहिलेला असेल तरच उतरवा. शक्यतो वॉरगेमिंगच्या अधिकृत मॉड पोर्टलवरून.

३. एक मॉड टाका, गेम उघडा, गॅरेज बघा, एक लढाई खेळा. मग दुसरा. कंटाळवाणं आहे, कबूल. पण पंधरा मॉड एकदम टाकून कोणता नासका ते शोधणं याहून कंटाळवाणं आहे.

४. बिघडलंच तर गेमच्या फोल्डरमधली 'पायथन लॉग' फाइल उघडा. शेवटच्या ओळींत मॉडचं नाव बहुतेकदा सापडतं. तोच काढा, बाकीचे राहू द्या.

सावधान: 'सगळे मॉड एका क्लिकमध्ये' असे पॅक अपडेटच्या रात्री फार फिरतात, आणि त्यांत बंदी असलेलेही घुसवलेले असतात: शत्रूच्या रीलोडची वेळ दाखवणारे, पडलेलं झाड किंवा भिंत नकाशावर खुणावणारे, झाडी पारदर्शक करणारे. 'मला माहीत नव्हतं' हे कुणी ऐकत नाही. पहिल्यांदा सात दिवस खातं बंद, दुसऱ्यांदा कायमचं.

## पायरी ८: आता कुलूप उघडा

आठवडा गेला, दहा-पंधरा लढाया झाल्या, पायरी दोनचा कागद समोर घ्या. 'बघू' लिहिलेल्यांपैकी बहुतेक टँक आपोआप 'तसाच' झालेले असतात.

आधी उपकरणं बदला, मग क्रू, मग टँक. हा क्रम खर्चाचा आहे: उपकरण बदलून टँकची चाल सुधारली तर क्रूची कौशल्यं मोडावी लागत नाहीत. एम टाइम (निशाणा स्थिर व्हायला लागणारा वेळ) वाढवला असेल तर तोफ स्थिर करणारं उपकरण टाकून पाच लढाया खेळून बघा. व्ह्यू रेंज घटली असेल तर ऑप्टिक्स लावून बघा; ३८० च्या पल्ल्याला दहा टक्के मिळाले की ४१८ होतात, आणि ओरड थांबते.

टँक विकायचाच ठरलं तर क्रू बरॅकमध्ये उतरवा आणि उपकरणं काढा. विक्रीच्या खिडकीत क्रू आणि प्रत्येक उपकरणासमोर वेगळी निवड असते, ती घाईत कुणी वाचत नाही. पाच कौशल्यांचा कमांडर टँकसोबत विकून बसलेला माणूस आमच्याच प्लॅटूनमध्ये आहे. आता तो विक्रीचं बटण दाबण्याआधी पडद्याचा फोटो काढून आम्हाला पाठवतो, आणि आम्ही 'दाब' म्हटल्यावरच दाबतो.